ओळखीच्या गावात समुपदेशन करताना

कोल्हापुरात समुपदेशनाची खोली उघडणाऱ्याला पहिल्या महिन्यातच एक अनुभव येतो. समोरची व्यक्ती नाव, आडनाव आणि गाव सांगून खुर्चीत स्थिरावेपर्यंत तिचा आणि आपला कुठला ना कुठला धागा जुळलेला असतो. ती आपल्या मावसबहिणीच्या सासरची निघते, आपल्या मुलाच्या वर्गशिक्षिकेची नणंद निघते, किंवा तिचे वडील आणि आपले काका एकाच तालमीत घाम गाळलेले असतात. अभ्यासक्रमात शिकवले जाणारे समुपदेशनाचे नियम दोन अनोळखी माणसे गृहीत धरून बांधलेले आहेत. ते नियम येथेही पाळायचेच आहेत, पण पाहुण्यारावळ्यांच्या या गोतावळ्यात ते पाळायचे कसे, हे कोणी शिकवत नाही आणि नवे समुपदेशक नेमके तेथेच अडखळतात.

वीस वर्षांहून अधिक काळ मी या शहरात हे काम करते आहे. नीती, प्रशिक्षण आणि समुपदेशकाने स्वतःची घ्यायची काळजी हे तीन वेगवेगळे धडे म्हणून मी शिकले. कामात मात्र ते कधी वेगळे राहिले नाहीत. माझ्या हातून मर्यादा सुटण्याचे जे प्रसंग घडले ते आठवून पाहिले, तर जवळपास सगळे दिवसाच्या शेवटच्या सत्रातले आहेत, किंवा महिनोन्महिने कोणाशी कामाविषयी बोलणेच झाले नव्हते अशा काळातले आहेत. म्हणून पुढे जे सांगते आहे ते डोके शांत असताना, आधी ठरवून आणि लिहून ठेवण्याच्या गोष्टींविषयी आहे. समुपदेशनासाठी येणाऱ्या व्यक्तीला मी येथे सल्लार्थी म्हटले आहे.

नाते आधी तपासावे

भेटीची वेळ मागणारा फोन येतो तेव्हाच पूर्ण नाव, गाव आणि आपले नाव कोणी सुचवले, हे तीन प्रश्न विचारावेत. आपल्याकडे "कुठल्या गावचे?" हा प्रश्न कोणालाच खटकत नाही, त्यामुळे ही चाचपणी सहज होते. उत्तर मिळाल्यावर लगेच वेळ देऊ नये. "संध्याकाळपर्यंत कळवते" एवढे सांगून शांतपणे विचार करावा. रक्ताचे नाते, घरोबा, आपल्याकडे किंवा आपल्या घरच्यांकडे नोकरी, आपला विद्यार्थी, आपला घरमालक, पैशाचा व्यवहार असलेला माणूस, यांपैकी काहीही असेल तर काम स्वीकारू नये. दूरचे नाते किंवा सामाईक ओळख असेल तर ती पहिल्याच भेटीत उघडपणे मांडावी, तिच्यामुळे पुढे काय अडचण येऊ शकते ते सांगावे आणि थांबायचे की दुसरीकडे जायचे हा निर्णय सल्लार्थीवर सोडावा. नुसती तोंडओळख असेल तर तिचा बाऊ करू नये, कारण तेवढीही ओळख टाळायची म्हटली तर या जिल्ह्यात कोणालाच काम करता येणार नाही.

यात सर्वांत अवघड असतो तो नकार. लोक आपल्याकडे येतात तेच मुळी "आपल्यातलं माणूस आहे" म्हणून, आणि आपण त्याच कारणासाठी नको म्हटले की त्यांना ते तोडून बोलणे वाटते. आमच्या गल्लीतल्या एक काकू सुनेला माझ्याकडे आणायचे म्हणत होत्या. मी त्यांना सांगितले, "काकू, उद्या तिला तुमच्याविषयीच काही बोलावंसं वाटलं तर माझ्यासमोर तिची जीभ रेटणार नाही. आणि रोज सकाळी तुम्ही दारात दिसलात की मलाही ते आठवत राहील. तिला मोकळं बोलायला जागा पाहिजे, आणि ती जागा माझ्या खोलीत तिला मिळणार नाही." काकू महिनाभर रुसून होत्या. तो रुसवा सोसण्याची तयारी हा या कामाचा भाग आहे. नकार देताना हातात दोन तरी नावे ठेवावीत. त्यासाठी सांगली, मिरज, इचलकरंजी, गडहिंग्लज येथील आणि ऑनलाइन काम करणाऱ्या सहकाऱ्यांची यादी आधीपासून तयार असली पाहिजे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ या कायद्याखाली न्यायालय समुपदेशनाचा आदेश देते तेव्हा हा प्रश्न केवळ आपल्या विवेकावर सोडलेला नसतो. २००६ च्या नियमांनुसार वादात हितसंबंध असलेली किंवा एखाद्या पक्षाशी नाते असलेली व्यक्ती, सर्व पक्षांनी लेखी हरकत सोडून दिल्याशिवाय, समुपदेशक होऊ शकत नाही. त्याच नियमांत आणखी एक तरतूद आहे, जी मला या सगळ्या कायद्यात सर्वांत मोलाची वाटते: केलेल्या हिंसेचे समर्थन करण्याची मुभा प्रतिवादीला समुपदेशनात द्यायची नाही. "वेळेवर जेवण दिलं नाही म्हणून हात उचलला" हे वाक्य चर्चेचा मुद्दा ठरू शकत नाही. न्यायालयाबाहेरच्या कामातही मी हाच दंडक पाळते. घरात मारहाण चालू असताना नवरा-बायकोला एकत्र बसवून "दोघांनीही थोडं समजून घ्या" असे म्हणणाऱ्या समुपदेशकाने त्या स्त्रीचा धोका वाढवलेला असतो.

पहिल्या भेटीत मोठ्याने सांगावे

संमतीपत्र एका पानाचे, सोप्या मराठीत असावे आणि सही घेण्याआधी ते वाचून दाखवावे. माझ्या पत्रातला मुख्य मजकूर असा आहे:

"तुम्ही येथे जे बोलाल ते मी तुमच्या घरच्यांना, तुम्हाला पाठवणाऱ्यांना किंवा फी भरणाऱ्यांना सांगणार नाही. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असे वाटले, अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजले, किंवा न्यायालयाने आदेश दिला, तर मला बोलावे लागेल. शक्य असेल तर त्याआधी मी तुमच्याशी बोलेन. आपण रंकाळ्यावर किंवा एखाद्या लग्नात समोरासमोर आलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत तर नमस्कार करेन, आणि आपली ओळख कशी झाली हे इतरांना काय सांगायचे ते तुम्ही ठरवाल."

यातील शेवटची दोन वाक्ये मी काही वर्षांनी घातली. त्याआधी महाद्वार रोडवर एका सल्लार्थीला मी पाहून न पाहिल्यासारखे केले, आणि पुढच्या सत्रात तिने रडत विचारले, "मॅडम, माझी लाज वाटली का तुम्हाला?" तिचे रहस्य राखण्याच्या प्रयत्नात मी तिला दुखावले होते, कारण असे मी का वागणार आहे हे तिला आधी सांगितलेच नव्हते.

फी भरणारा आणि बोलणारा वेगळा असतो तेव्हा ओढाताण होते. मामा भाचीला घेऊन येतात, बाहेर बसतात आणि जाताना हळूच विचारतात, "काय म्हणते पोरगी?" त्यांची काळजी खरी असते, म्हणून त्यांना तुटक उत्तर देऊ नये. भाचीला खोलीत ठेवून तिच्यासमोरच सांगावे की तिला जे सांगावेसे वाटेल ते ती स्वतः सांगेल, आणि मामांना स्वतःच्या काळजीविषयी बोलायचे असेल तर त्यांना वेगळी वेळ, तीही दुसऱ्या समुपदेशकाकडे, मिळू शकते. सल्लार्थी अल्पवयीन असेल तर आई-वडिलांना काय कळवले जाईल आणि काय नाही, हे मुलाच्या समोर पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे.

जागेचाही विचार करावा. राजारामपुरीसारख्या गजबजलेल्या भागात दारात लावलेली मोटारसायकलसुद्धा ओळखली जाते. दोन भेटींमध्ये पंधरा मिनिटांचे अंतर ठेवले की एक जाणारा आणि एक येणारा जिन्यात समोरासमोर येत नाहीत. फोनमध्ये सल्लार्थीचे नाव न घालता क्रमांक घालावा. सत्रांच्या नोंदी कुलपात ठेवाव्यात, आणि नोंदीवरचा क्रमांक कोणाचा आहे हे सांगणारी वही दुसरीकडे ठेवावी.

व्याख्यानात, वर्तमानपत्रातल्या सदरात किंवा व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर सल्लार्थींच्या कथा सांगण्याचा मोह फार मोठा असतो, कारण लोकांना त्या आवडतात आणि आपले नाव होते. नाव वगळले म्हणजे ओळख लपली, हा समज येथे चालत नाही. "इचलकरंजीतील यंत्रमागधारकाचा, पुण्यातली नोकरी सोडून परत आलेला इंजिनियर मुलगा" एवढे म्हटले की ऐकणाऱ्या शंभरांतले चौघे त्याचे घर दाखवू शकतात. म्हणून सांगायचेच असेल तर अनेकांच्या अनुभवांतून एक नवे पात्र घडवावे, आणि ते तसे घडवले आहे हेही सांगावे.

गोपनीयता जेथे थांबते

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या आरोग्याविषयीच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि त्याचे मोजके अपवादही सांगितले आहेत. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आजार असतोच असे नाही, तरी मी सर्वांसाठी हीच कसोटी वापरते.

मुलांच्या बाबतीत कायदा निःसंदिग्ध आहे. २०१२ च्या पॉक्सो (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लैंगिक गुन्हा घडल्याचे माहीत असणाऱ्या किंवा तो घडेल अशी शंका असणाऱ्या कोणाही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शाळेत काम करणाऱ्या समुपदेशकाने "तू सांग, मी कोणालाच सांगणार नाही" हे वाक्य कधीही उच्चारू नये. मूल त्या शब्दावर विसंबून बोलते आणि मग आपल्याला तो शब्द मोडावा लागतो. कळवताना मुलाला काय होणार आहे ते त्याच्या वयाला समजेल असे सांगावे आणि पहिल्या जबाबाच्या वेळी त्याच्या विश्वासातले माणूस बरोबर असेल याची व्यवस्था करावी. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

एचआयव्हीविषयीच्या २०१७ च्या कायद्यात समुपदेशकाचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि तो फार विचारपूर्वक केलेला आहे. जोडीदाराला संसर्गाचा मोठा धोका आहे असे वाजवी कारणाने वाटते, सल्लार्थीने स्वतः जोडीदाराला सांगावे म्हणून समुपदेशन झाले आहे, तरी तो सांगणार नाही अशी खात्री पटली आहे आणि आपण सांगणार असल्याचे त्याला कळवले आहे, या चारही अटी पूर्ण झाल्या तरच डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला प्रत्यक्ष भेटून सांगू शकतो. पण सांगितल्याने सल्लार्थीला, विशेषतः ती स्त्री असेल तर, मारहाण होण्याची किंवा घराबाहेर काढले जाण्याची रास्त भीती असेल, तर जोडीदाराला सांगता येत नाही. इतर विषयांत कायदा मौन असतो तेव्हाही या चार पायऱ्या मला उपयोगी पडल्या आहेत: धोका खरा आहे का, त्याने स्वतः सांगावे म्हणून मी पुरेसा प्रयत्न केला का, तो सांगणार नाही हे नक्की का, आणि मी बोलणार आहे हे त्याला माहीत आहे का.

आत्महत्येचा विचार मनात असेल अशी शंका आली तर सरळ विचारावे: "जीव द्यावा असं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात येतो हा समज चुकीचा आहे, उलट, कोणीतरी विचारले म्हणून अनेकांना सुटल्यासारखे वाटते. होकार आला तर कधीपासून, कसे करायचे ठरवले आहे आणि ते साधन हाताशी आहे का, हे पुढे विचारावे. ऊस आणि भाजीपाला पिकवणाऱ्या आपल्या भागात कीटकनाशक आणि तणनाशक घरातच, बऱ्याचदा जिन्याखाली ठेवलेले असते. ते त्याच दिवशी घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात जाईल याची व्यवस्था सल्लार्थीच्या संमतीने घरातल्या एका माणसाला सांगून करावी; आणि जीव धोक्यात असेल तर संमती मिळाली नाही तरी करावी. त्या रात्री त्याला एकटे ठेवू नये. सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याच दिवशी पाठवावे, शक्य तर स्वतः फोन करून. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. प्रयत्न झाला असेल तर घरचे लोक पोलिसांच्या भीतीने तो लपवतात. त्यांना मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाचे कलम ११५ समजावून सांगावे, ज्यानुसार अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असे, उलट सिद्ध न झाल्यास, गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा केली जात नाही.

शिकणे आणि वस्ताद

मानसशास्त्र किंवा समाजकार्याची पदव्युत्तर पदवी हा पाया आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे पद भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्यांनीच लावायचे असते, त्यामुळे पाटीवर आणि कार्डावर जे आहोत तेवढेच लिहावे. औषध सुचवू नये आणि चालू असलेले औषध बंद करायलाही सांगू नये. संबद्ध आणि आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याने समुपदेशनाशी संबंधित अनेक कामे आपल्या कक्षेत घेतली आहेत. त्याखालील नोंदणीच्या सूचनांवर लक्ष ठेवावे.

दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून त्या पद्धतीने लोकांवर उपचार सुरू करणे मला अत्यंत गैर वाटते. एक पद्धत खोलवर शिकावी. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली, त्रास देणारे विचार तपासून बदलायला शिकवणारी विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती कि. मो. फडके यांच्यामुळे मराठीत रुजली, आणि आपल्या भाषेत शिकता येते हा तिचा मोठा फायदा आहे. त्याबरोबर लोकांचे शब्द शिकावेत. "करमत नाही", "जीव घाबरा होतो", "डोक्यात मुंग्या येतात" या तीन तक्रारी वेगळ्या आहेत, आणि "कुणीतरी करणी केली" असे म्हणणाऱ्याला हसून किंवा भाषण देऊन गप्प केले की तो पुढच्या वेळी येत नाही. करणीची शंका कोणावर आहे, एवढे विचारले तरी घरातले सगळे भांडण समोर येते.

या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे पर्यवेक्षण. तालमीच्या या गावात ते समजावून सांगणे सोपे आहे: कितीही कुस्त्या मारलेला मल्ल असला तरी वस्तादाच्या नजरेखालीच मेहनत करतो, कारण स्वतःचा पाय कुठे चुकतो हे स्वतःला दिसत नाही. पंधरा दिवसांतून एकदा अनुभवी समुपदेशकाकडे बसावे. एका सत्रातल्या दहा मिनिटांचे संभाषण आठवेल तसे शब्दशः लिहून न्यावे, आणि जो भाग दाखवायला संकोच वाटतो तोच आधी वाचावा. पर्यवेक्षक शक्यतो जिल्ह्याबाहेरचा असावा, कारण येथल्या पर्यवेक्षकालाही तो सल्लार्थी ओळखता येण्याचा संभव असतो. स्थानिक सहकाऱ्यांचा गटही हवा. त्यात सल्लार्थीपेक्षा स्वतःच्या मनात काय उमटले याविषयी अधिक बोलावे.

फी आणि गुळाची ढेप

फी आधी सांगावी, कमी करायची असेल तर तीही आधी ठरवावी आणि उधारी ठेवू नये. गूळ, काकवी, जोतिबाचा प्रसाद अशा भेटी येतात. प्रसाद आणि घरचा थोडा खाऊ मी घेते, कारण तो नाकारणे येथे अपमान ठरतो. किमती वस्तू, आणि फीच्या बदल्यात दिलेली कोणतीही वस्तू, घेत नाही.

स्वतःचे मन पुन्हा भरून येण्यासाठी

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर मी शिरोळ तालुक्यातील लोकांशी बोलायला जात होते. तिसऱ्या आठवड्यात एक बाई दावणीला बांधलेल्या म्हशी कशा सोडवता आल्या नाहीत ते सांगत होत्या, आणि माझ्या मनात परतीची एसटी किती वाजता आहे हा विचार चालू होता. त्यांना ते कळले असावे. त्या मध्येच थांबल्या. घरी येऊन मी पर्यवेक्षकांना फोन केला आणि पंधरा दिवस काम थांबवले. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी कामातून येणाऱ्या शिणवट्याची तीन अंगे सांगितली आहेत: भावनिक थकवा, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. माझ्या अनुभवात पहिले अंग आपण अभिमानाने मिरवतो, तिसरे लपवतो, आणि मधला कोरडेपणा आपल्याआधी सल्लार्थींना जाणवतो. त्याची माझ्यापुरती चिन्हे मी लिहून ठेवली आहेत: मुलांवर विनाकारण चिडणे, फोन वाजला की पोटात गोळा येणे, भेट रद्द झाली की आनंद होणे. प्रत्येकाने स्वतःची अशी यादी करावी आणि घरातल्या एका माणसाला वाचायला द्यावी. आपल्याला दिसत नाही ते त्याला दिसते.

दिवसाला पाचपेक्षा अधिक सत्रे घेऊ नयेत. मधल्या पंधरा मिनिटांत दोन ओळींची नोंद करावी, पाणी प्यावे, खिडकीत उभे राहावे. फोन पाहू नये. समारंभात कोणी बाजूला घेऊन घरचे दुखणे सांगू लागले तर, "असं उभ्या उभ्या ऐकणं तुमच्यावर अन्याय होईल, सोमवारी फोन करा," असे म्हणावे. स्वतःच्या मनासाठी स्वतःही समुपदेशकाकडे जावे. मी त्यासाठी जिल्ह्याबाहेर जाते. रंकाळ्यावरच्या संध्याकाळच्या फेरीत दर दहा पावलांवर कोणीतरी ओळखीचे भेटते, म्हणून मी पहाटे आणि गावाबाहेर चालते. शिवाय जेथे आपण कोणाचे मार्गदर्शक नसतो अशी एक जागा असावी. अल्लादियाखाँसाहेबांच्या या गावात मी पन्नाशीनंतर गाणे शिकायला लागले. तेथे माझ्याकडून कोणी शहाणपणाची अपेक्षा करत नाही. सूर चुकला की गुरुजी थांबवतात आणि मी पुन्हा लावते, आणि त्या तासाभरात कोणाचेही दुःख माझ्या कानात नसते.

रजेवर जाण्यापूर्वी सल्लार्थींना किमान दोन आठवडे आधी सांगावे, ज्यांच्या जिवाला धोका वाटतो त्यांना पर्यायी समुपदेशकाचे नाव द्यावे आणि १४४१६ हा क्रमांक कागदावर लिहून द्यावा. करोनाच्या काळात आणखी एक व्यवस्था करण्याची गरज मला कळली. आपण अचानक आजारी पडलो किंवा गेलो तर सल्लार्थींना कोण कळवणार, आणि त्यांच्या नोंदी कोणाच्या हाती पडणार? एका विश्वासू सहकाऱ्याची लेखी संमती घेऊन एक बंद पाकीट तयार करावे. त्यात नोंदींचे कपाट कोठे आहे, क्रमांकांची वही कोठे आहे, कोणाला आधी फोन करायचा आणि कोणते कागद न वाचता नष्ट करायचे, एवढे लिहावे. माझे पाकीट कपाटाच्या वरच्या खणात आहे. त्याची किल्ली कोठे असते हे माझ्या मुलीला माहीत आहे, आणि पाकीट न उघडता कोणाकडे द्यायचे हेही मी तिला सांगून ठेवले आहे. दर पाडव्याला ते बदलून त्यावर नवी तारीख घालते.